अकरा वर्षं बिनतक्रार

कोणाला पटायचं नाही, आणि पटवून घ्याच असा आग्रहही नाही. पण एका माणसाने एक सिस्टीम बांधली, ती अकरा वर्षं चालली, रविवारीसुद्धा चालली, आणि त्या अकरा वर्षांत तिने एकदाही हूं की चूं केलं नाही. घरातला पंखा वर्षातून दोनदा कुरकुरतो. माणसाचे गुडघे तर रोज. ही नाही. मोठ्या रुग्णालयाचं काम, दिवसाला तीन हजार मेसेज, ‘अमुक तारखेला, अमुक खोलीत, अमुक डॉक्टरांकडे या’ असे. आणि तक्रारींच्या यादीत अकरा वर्षं भोपळा.

ज्याने ती बांधली त्याला ऑफिसात ‘बिनचूक’ म्हणत. आधी चेष्टेने, मग सवयीने. पुढे पुढे तर खुद्द साहेब मीटिंगमध्ये मान वर न करता म्हणायचे, “बिनचूकला विचारा.” नवीन आलेल्या एका मुलीने त्याला चक्क ‘बिनचूक सर’ अशी मेल लिहिली होती, आणि त्याने तिला दुरुस्त केलं नव्हतं.

तर हा बिनचूक अकराला सहा मिनिटं कमी असताना लॅपटॉपखाली शब्दकोशाचा दुसरा खंड सरकवत होता.

“उंची बरोबर झाली का, बाबा?”

“मला काय विचारतोस?” पलंगावरून बाबा म्हणाले. “मला एका डोळ्याने सगळंच तिरकं दिसतं.”

नोकरीची मुलाखत पडद्यावरून द्यायची होती, आणि ती बाबांच्या खोलीत, कारण घरात नेटला तीच खोली आवडायची. बैठकीत समोरचा माणूस पडद्यावर थिजायचा, स्वयंपाकघरात त्याचे ओठ एक बोलायचे आणि आवाज दुसरंच. बाबांच्या खिडकीपाशी मात्र सगळं स्वच्छ. म्हणून टेबल तिथे, लॅपटॉप भिंतीकडे पाठ करून, आणि लॅपटॉपच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही पण त्याला सतत दिसेल असा बाबांचा पलंग.

ही नववी मुलाखत. रुग्णालयाने बाहेरची तयार सिस्टीम घेतली त्याला सात महिने झाले होते. बिनचूकच्या सिस्टीमचा त्यांनी शेवटच्या दिवशी सत्कार केला आणि दुपारी ती बंद केली. त्यानंतर आठ ठिकाणी त्याने तोंड दाखवलं. एका ठिकाणी त्याला परीक्षा म्हणून डेटाचं झाड, म्हणजे फांद्याफांद्यांनी मांडलेली माहिती, उलटं करून दाखवायला सांगितलं. अठरा वर्षं काम केलेल्या माणसाने पंचवीस मिनिटांत झाड उलटं केलं, तर पलीकडचा म्हणाला, छान, पण आम्हाला वीस मिनिटांत हवं होतं. दुसऱ्या ठिकाणच्याने विचारलं, तुम्ही अजून स्वतः कोड लिहिता? जसं काही अजून रांगता का, असं विचारावं.

बायको कामाला जाताना चप्पल घालता घालता म्हणाली होती, “हे बघ, गोष्ट लांबवू नकोस. विचारतील तेवढंच सांग. ही गेली तर मला नाही वाटत आता लवकर दुसरी येईल.” आणि मग खोलीत डोकावून, जरा मोठ्या आवाजात, “बाबा, याची मुलाखत आहे. खोकू नका. मुलाखत आहे याची, खोकू नका हं.”

बाबांना आताशा सगळे सगळं दोनदा सांगत.

बाबांनी छत्तीस वर्षं टपाल खात्यात काढली, पत्रं वेगळी करण्याच्या टेबलावर. मुलगा ‘बॅकएंड’ला आहे म्हणजे नक्की कुठे, हे त्यांना कोणी समजावून सांगितलं नव्हतं, त्यांनीच एकदा विचारून घेतलं.

“म्हणजे लोकांना दिसतं ते तू करत नाहीस?”

“नाही. बटण दुसरा करतो. बटण दाबल्यावर मागे जे होतं ते मी.”

“म्हणजे खिडकीवरचा नाही, आतल्या टेबलावरचा.”

“तसंच.”

“मग तू आमच्यातलाच,” बाबा म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, असं त्याची आई नंतर बरीच वर्षं सांगत असे.

आतल्या टेबलाची सवय बाबांची निवृत्तीनंतरही सुटली नाही. हाती मोबाइल आला तेव्हा त्यांनी पहिलं काम काय केलं, तर एक लांब वही आणली, पट्टीने रकाने आखले, आणि वर लिहिलं ‘आवक’. फोनवर येणारा प्रत्येक मेसेज त्या वहीत चढायचा: अनुक्रमांक, तारीख, कोणाकडून, कशाबद्दल. गॅसवाल्याचा चढायचा, बँकेचा चढायचा, ‘अभिनंदन, तुम्ही मोटार जिंकली आहे’ हासुद्धा चढायचा आणि शेरा पडायचा: ‘लबाड’. जे यायचं आहे पण आलेलं नाही, त्याची ओळ आधी पेन्सिलीने. आलं की त्यावर शाई. घरात सगळे हसायचे. बाबाही हसायचे, पण वही उशाशीच.

आता बिनचूकच्या सिस्टीमचं. ती तीन मशीनवर चालायची आणि मशीनना नावं लागतात. इतर लोक ग्रहताऱ्यांची ठेवतात. याने ठेवली नात्यातली. जिच्यात सगळी माहिती भरलेली, मागेल त्याला मागेल ते काढून देणारी, ती मावशी. एक जुनं, रमतगमत चालणारं, पण कधी नाही न म्हणणारं, ते काका. आणि कुठे काही बिघडलं की सगळ्या ऑफिसच्या फोनवर बोंब ठोकणारी, ती आत्या. कोड लिहायची भाषा पायथन, नाव अजगराचं, स्वभाव अगदी गरीब. चार वाक्यांत सांगावं आणि तिने करावं.

आत्याने पहिल्याच दिवशी उच्छाद मांडला. सिस्टीम सुरू झाली सकाळी नऊला, आणि नऊ वाजून चार मिनिटांनी आत्या ओरडली. मग दर दोन मिनिटांनी. कोणाच्या नंबरात एक आकडा जास्त, कोणाच्या नावात स्वल्पविराम. साहेब खुर्चीमागे उभे. साहेबांच्या मागे रुग्णालयाचे मोठे डॉक्टर. दुपारी तीनला मोठे डॉक्टर म्हणाले, “हे असंच ओरडणार असेल तर आमची जुनी चिठ्ठीची पद्धत काय वाईट होती?”

साहेबांनी बिनचूकच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा त्याला कोणी बिनचूक म्हणत नव्हतं. “काहीतरी करून हिला गप्प कर रे. आजच्यापुरतं.”

त्याने दोन ओळी लिहिल्या. यंत्राच्या भाषेत ‘एक्सेप्ट’ आणि ‘पास’. माणसाच्या भाषेत, एखाद्याचा मेसेज तयार करताना काही अडलं तर तो सोड, गप्प बस, पुढच्याकडे जा. आणि शेजारी स्वतःसाठी टीप: ‘तात्पुरतं. उद्या बघू.’

आत्या गप्प झाली. मोठे डॉक्टर हसले, चहा आला. दुसऱ्या दिवशी दुसरंच काही निघालं, तिसऱ्या दिवशी तिसरं. उद्या काही उजाडला नाही.

याच कामात त्याने एक जिव्हाळ्याची गोष्टही घातली होती. रुग्ण सत्तरीच्या पुढचा असेल तर मेसेजमध्ये एक ओळ जास्त जायची: ‘सोबत कोणाला तरी घेऊन या.’ कोणी सांगितली नव्हती, त्याची त्यालाच सुचली, बाबांकडे बघून. वय मोजायला जन्मतारीख लागते. ती मावशीकडे असायचीच.

बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला तो सिस्टीमच्या नवव्या वर्षी. त्याच रुग्णालयातले डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, थेंब घाला, दाब तपासत राहू, पुढच्या तारखेचा मेसेज येईल, मेसेजशिवाय येऊ नका, गर्दी असते. बाबा छत्तीस वर्षं नियमाने जगलेले. मेसेजशिवाय गेले नाहीत. अधूनमधून म्हणायचे, “डाव्या बाजूने जरा धूर आल्यासारखं वाटतं रे.” आणि हा लॅपटॉपमधून मान न काढता म्हणायचा, “तारीख आली की जाऊ.”

शेवटी बाबांचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला, तेव्हा तो त्यांना घेऊन गेला. तपासणाऱ्या डॉक्टरने बराच वेळ भिंगातून पाहिलं.

“सात महिने कुठे होतात, आजोबा?”

“मेसेजची वाट बघत होतो.”

“बाबा, मेसेज गेला असणार,” बिनचूक म्हणाला. त्याच्या गळ्यात त्याच रुग्णालयाचं ओळखपत्र लटकत होतं. “तुम्ही वाचला नसेल. नाहीतर चुकून पुसला असेल.”

“तो आलाच—”

“डॉक्टर, मीच बांधलीय ती सिस्टीम. नऊ वर्षांत एक तक्रार नाही. तिच्यातून मेसेज जात नाही असं होतच नाही.”

डॉक्टरने बाबांकडे पाहिलं. बाबांनी मुलाकडे पाहिलं, म्हणजे त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे, त्यावरच्या फोटोकडे. मग ते खाली बघून म्हणाले, “असेल. वय झालं.”

डावा डोळा गेलाच. पण डोळ्यापेक्षा दुसरंच काही जास्त गेलं. मेसेज पुसून विसरणारा माणूस गॅस लावूनही विसरेल, म्हणून गॅसची कळ बंद. किल्ली हरवेल, म्हणून किल्ली काढून घेतली. गोळ्यांना सात खणांचा डबा आला, प्रत्येक खणावर वार, आणि रोज कोणीतरी खण उघडून बघायचं. बाबा म्हणाले की पेपर आज आलाच नाही, तर पहिल्यांदा त्यांच्या उशीखाली शोधलं जायचं. छत्तीस वर्षांत ज्याच्या टेबलावरून एक पाकीट इकडचं तिकडे झालं नव्हतं, त्याला घरातले सगळे, प्रेमाने आणि मोठ्या आवाजात, सगळं दोनदा सांगू लागले. बाबांनी एकदाही वाद घातला नाही.

मग वर्षभराने सिस्टीम नव्या पायथनवर न्यायची वेळ आली. जुना कोड ओळीओळीने वाचावा लागतो. एका दुपारी बिनचूक त्या दोन ओळींपाशी आला आणि त्याच्या तोंडून मोठ्याने निघालं, “हे कोणत्या गाढवाने लिहिलंय?”

कोणती ओळ कोणाची, हे सांगणारी एक आज्ञा असते. त्याने ती दिली. यंत्राने गाढवाचं नाव सांगितलं, तारखेसकट.

शेजारची मुलगी म्हणाली, “सापडलं का, सर?”

“सापडलं. जुना कोणीतरी होता.”

त्याने त्या दोन ओळी पुसल्या आणि मागची सगळी वर्षं पुन्हा एकदा चालवून बघितली, मेसेज न पाठवता, नुसती आत्या काय म्हणते ते ऐकायला. आत्या ओरडायला लागली आणि थांबेचना. एक हजार चारशे बारा माणसं. पडद्यावर नावं सरकत होती आणि प्रत्येकाच्या जन्मतारखेच्या जागी नुसतं वर्ष होतं. महिना नाही, दिवस नाही. त्याला कळायला वेळ लागला नाही. ज्यांच्या जन्माचा दिवस कोणी लिहूनच ठेवला नव्हता, अशी ही म्हातारी माणसं. ‘सोबत कोणाला तरी घेऊन या’ ही ओळ लावण्यासाठी त्यांचं वय मोजायला जायचं, तारीख अर्धी मिळायची, मोजणी अडायची. आणि मग सिस्टीम, सांगितल्याप्रमाणे, त्यांना सोडून गप्प पुढे जायची.

बाबांच्या जन्माचं नुसतं वर्षच होतं. बाबा नेहमी म्हणायचे, “मी झालो तेव्हा आई कामात होती.” यादीत त्यांचं नाव नऊशेच्या आसपास कुठेतरी होतं. सरकून वर गेलं.

त्याने तीन फोन केले. पहिल्या आजीबाई म्हणाल्या, “अरे बाळा, मी आपली दर महिन्याला जाऊन दारात बसते. तुमचा मेसेज आला काय नि न आला काय.” दुसरा नंबर चुकीचा. तिसरा कोणाच्या तरी सुनेने उचलला. “सासरे? ते मागच्या वर्षी गेले. काय काम होतं?”

“काही नाही,” तो म्हणाला. “नंबर तपासत होतो.”

चौथा फोन त्याने केला नाही. अर्धी तारीख चालेल अशी दुरुस्ती केली. नोंद करावी लागते, ती केली: ‘किरकोळ दुरुस्ती.’ आणि संध्याकाळी घरी येऊन बाबांच्या दारात उभा राहिला.

“काय रे?” बाबा म्हणाले.

“काही नाही. चार्जर बघत होतो.”

चार्जर त्याच्या हातात होता. बाबांनी तो उजव्या डोळ्याने नीट पाहिला आणि म्हणाले, “बघ, मिळेल कुठेतरी.”

तर अकरा वाजले आणि पडद्यावर बाई आली. पस्तिशीची असेल, हातात भला मोठा कप, मागे पुस्तकांऐवजी नुसती भिंत. बिनचूकला ती आवडली.

“तुमचा बायोडेटा वाचला,” ती म्हणाली. “पण बायोडेटा सगळ्यांचे सारखेच असतात. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. इतकी वर्षं काय केलंत?”

अशा प्रश्नाला ‘विचारतील तेवढंच सांग’ हे कसं पाळायचं? तो सुरू झाला. साहेब आले, काका आले, मावशी आली. मावशीला एकदा एकाच वेळी सहाशे जणांनी हाका मारल्या तेव्हा तिची कशी दातखीळ बसली, ते आलं. त्या दिवशी खरं तर साठ जण होते, पण मागे शून्य लावल्याने गोष्ट उभी राहते. बाई हसली. आत्या आली तेव्हा तर कप खाली ठेवून हसली. लॅपटॉपच्या वरच्या कडेवरून त्याला बाबा दिसत होते. तेही, खोकला दाबल्यासारखे, हसत होते. गेल्या सात महिन्यांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं. ही मिळणार, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

“आणि अकरा वर्षं,” तो म्हणाला, “एक तक्रार नाही.”

“एक मिनिट.” बाई पुढे झुकली. “आत्या अकरा वर्षं ओरडलीच नाही?”

“पहिला दिवस सोडला तर नाही.”

“मला ना, न ओरडणाऱ्या आत्यांची भीती वाटते.” ती अजून हसत होती, पण कमी. “मीही सहा वर्षं हॉस्पिटलांच्याच सिस्टीम बघतेय. म्हाताऱ्या माणसांची माहिती कशी असते तुम्हाला माहितीये. नंबर मुलाचा, पत्ता जुना, तारखा अर्ध्या. यातून एकही मेसेज चुकला नाही?”

तो पाणी प्यायला.

“हे बघा, चुकला असला तरी काही बिघडत नाही,” बाई म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरंच काही अडकवण्यासारखं नव्हतं. “उलट मला तेच ऐकायचंय. काय चुकलं, तुम्हाला कसं सापडलं, सापडल्यावर काय केलंत. मी माणूस त्यावरच घेते.”

दार असं सताड उघडून कोणी उभं राहत नाही. त्याला सगळं पाठ होतं: दोन ओळी, अर्ध्या तारखा, एक हजार चारशे बारा. पाच मिनिटांत सांगून झालं असतं. ती मान हलवत ऐकत राहिली असती, आणि सोमवारपासून त्याच्या गळ्यात नवं ओळखपत्र असतं. खोली रिकामी असती तर त्याने सांगितलंच असतं, हे त्याला तेव्हाही कळत होतं.

पण खोली रिकामी नव्हती. तिला सांगणं म्हणजे लॅपटॉपच्या मागे, तीन हातांवर, गोळ्यांच्या सात खणांच्या डब्याशेजारी बसलेल्या माणसाला सांगणं. त्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं. कॅमेऱ्याचा दिवा हिरवा होता आणि त्याच्याकडे बघणं सोपं होतं.

“नाही,” तो म्हणाला. “एकही नाही.”

“एकही नाही?”

“अकरा वर्षांत एकही मेसेज चुकला नाही.”

बाईने कप उचलला. काही लिहून घेतलं. तेवढ्यात लॅपटॉपच्या मागून कागद उलटल्याचा आवाज आला. एक पान, दुसरं पान, मग बरीच पानं एकदम. बाबांनी वही मांडीवर घेतली होती. त्यांनी ती उचलून उजव्या डोळ्याशी नेली, बोट ओळीओळीने खाली आणलं आणि एका जागी थांबवलं. मग वही फिरवून त्याच्याकडे धरली.

वर-खाली सगळी पानभर निळी शाई होती. बोटाखालची एकच ओळ पेन्सिलीची. ‘नेत्र विभाग, पुढील तारीख.’ पुढचा रकाना कोरा. अडीच-तीन वर्षांपूर्वीची पेन्सिल एव्हाना पुसट व्हायला हवी होती. पण अक्षरं ठळक होती, कोणीतरी वेळोवेळी गिरवून ठेवल्यासारखी.

“तुमच्या खोलीत अजून कोणी आहे का?” बाईने विचारलं.



“मी आहे, वडील,” बाबा म्हणाले, अगदी शांतपणे, छत्तीस वर्षं पत्ते मोठ्याने वाचून कमावलेल्या स्वच्छ आवाजात, आणि एकदाच. “तो खोटं बोलतोय.”